सलीमभाई आणि ए-बाजूचं तिसरं

सलीमभाई तांबोळी गाडीत बसायच्या आधी बूट काढायचे. स्वतःच्या गाडीत नव्हे, कंपनीच्या. अजून बाजारात न आलेली, अंगभर काळं-पांढरं नक्षीचं कापड चिकटवून जगापासून लपवलेली अशी ती गाडी असायची. तिच्या दारात ते बूट जोडीनं ठेवायचे, मोजे झटकायचे आणि मगच आत पाय टाकायचे. नव्या जर्मन पोरांना वाटायचं, हा यांच्या धर्माचा काही भाग असेल. कुणी भीत भीत विचारलंच, तर सलीमभाई गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "पायाला ऐकू येतं. बुटात त्याचे कान बंद होतात."

जर्मनीत इंगोलश्टाटला आमचं खातं किरकिर शोधण्याचं. गाडी खडबडीत रस्त्यावर गेली की डॅशबोर्ड कुरकुरतो, दार खुळखुळतं, सीट चिवचिवते, आणि एवढी महागाची गाडी घेणाऱ्या माणसाला ते अजिबात खपत नाही. तो आवाज कुठून येतो ते शोधून बंद करायचा, हे आमचं काम. सांगलीला आमच्या आत्यानं विचारलं, "म्हणजे तू तिकडं नक्की करतेस काय?" मी समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग आमच्या ह्यांनाच घेऊन जा की एकदा." आत्याचे यजमान दिवसभर किरकिर करतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मी रुजू झाले त्या दिवशी सलीमभाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा. मी सांगली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "अरेरे. मी मिरजेचा. चला, भांडायला माणूस तर मिळालं." त्या दिवसापासून माझं नाव सांगली पडलं. आईबापांनी अनघा ठेवलंय, असं मी दोन-तीनदा सांगून बघितलं आणि मग नाद सोडला.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका गाडीत मागं बसवलं. ती गाडी यंत्राच्या पाटावर हलवून, सगळे आलेख काढून पास झालेली होती. "कागदावर पास आहे. आता माणसात पास होते का बघू," म्हणत त्यांनी खिशातून एक सीडी काढली. "दाराला अंगठा लाव आणि गप्प बस. सांगलीच्या माणसाला अवघड आहे, पण प्रयत्न कर." मग गिटारी सुरू झाल्या. माझे कान नाट्यगीतांवर वाढलेले. मला आधी वाटलं, पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी पातेली घासतंय. सलीमभाई पुढच्या सीटवर डोळे मिटून, मोज्यातले पाय पसरून बसले होते. गाण्याच्या मध्यावर एक गिटार खालच्या सुराला आली आणि माझ्या अंगठ्याखाली दार बारीक आवाजात म्हणालं, टिर्र. सलीमभाईंनी एक डोळा उघडला. "सापडलं पिल्लू," ते म्हणाले.

यंत्र एका वेळी एक सूर सोडतं, माणूस गाडीत गाणी लावतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण खरं कारण म्हणजे त्यांना ते गाणं ऐकायचं असायचं. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या स्पीकरवर, आणि वर पगार घेऊन.

त्या बँडचं नाव लेट फेरी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातली चार पोरं. दोन गिटारी, एक बेस, एक ड्रम. सलीमभाई कॉलेजात होते तेव्हा ही पोरं जोरात होती. आम्ही इंगोलश्टाटला दारं दाबत होतो तोवर त्यांचं आपसांत फाटून, बँड मोडून जमाना झाला होता. तरी आमच्याकडे शिकायला येणारी पोरं त्यांच्या चित्राचे टी-शर्ट घालून यायची. बँड मोडला तेव्हा ती जन्मलेलीही नसतील. कुणी अशा शर्टात दिसलं की सलीमभाई त्याला कँटीनमध्ये शेजारी बसवून घ्यायचे आणि विचारायचे, "तुला ए-बाजूचं तिसरं आवडतं की बी-बाजूचं पहिलं?" पोरगं बिचारं गोंधळायचं.

त्यात पोराची चूक नव्हती. सलीमभाईंना त्या गाण्यांची नावंच ठाऊक नव्हती, निदान तोंडात बसलेली नव्हती. हॉस्टेलच्या रूम पार्टनरच्या मामानं इंग्लंडहून एक रेकॉर्ड आणली होती. तिच्यावरून कुणी कॅसेट भरून घेतली, त्या कॅसेटवरून आणखी कुणी, आणि अशी हातोहात उतरत आलेली प्रत यांच्या वाट्याला आली. वर कागद नाही, नावं नाहीत. त्यामुळं सगळी गाणी बाजू आणि नंबर यांनीच ओळखायची. शिवाय टेप पुरली नव्हती. ए-बाजूचं तिसरं ऐन रंगात आलं की खट्‌कन थांबायचं. सलीमभाईंनी ते गाणं तसंच पाठ केलं, खटक्यासकट. जर्मनीत आल्यावर अस्सल सीडी विकत घेतली, तेव्हा कळलं की गाणं पुढं बरंच आहे.

"मग? आनंद झाला असेल," मी म्हटलं.

"कसला आनंद. उगाच लांबवलंय. पंगत उठल्यावर कुणी जिलबी वाढतं का?"

आमच्या खात्यात युर्गन नावाचा एक धिप्पाड बव्हेरियन होता, गाड्या पळवून बघणाऱ्यांचा प्रमुख. तो, सलीमभाई आणि आणखी दोघं दर बुधवारी युर्गनच्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गिटारी घेऊन बसायचे आणि फक्त लेट फेरी वाजवायचे. इतक्या वर्षांत सलीमभाईंनी त्या तिघांनाही बाटवलं होतं. युर्गन गाण्याचं खरं नाव जाणून असूनही 'आ-द्राय', म्हणजे जर्मनमध्ये ए-तीन, म्हणायचा, आणि चौघंही ते गाणं तिथंच, खट्‌कन थांबवायचे. ऑफिसच्या शरदातल्या पार्टीत, हेर्ब्स्टफेस्टला, ते दर वर्षी वाजवायचे. नवीन माणसं गाणं पुढं जाईल म्हणून हात वर करून उभी राहायची आणि तशीच राहायची. सलीमभाईंना ते बघताना काय गुदगुल्या व्हायच्या.

एकदा जेवताना मी त्यांना सरळ विचारलं. एवढे बँड आले नि गेले, मग ही पातेलीवाली पोरंच का टिकली?

"आल्झो, असं बघ," त्यांनी काटा खाली ठेवला. काटा खाली ठेवला की समजायचं, आता जेवणाची सुट्टी गेली. "सांगली, तुमच्या घरी तंबोरा आहे ना?"

"आत्याचा आहे. मिरजेचाच."

"असणारच. सांगलीत भडंग होतं, तंबोरे नाही होत. त्याला जवारी असते, माहितेय ना?"

माहीत होतं. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. घोडीची पाठ सपाट असते, आणि तार वाजताना त्या पाठीवर हलकेच घासत राहते. त्यामुळं सुराभोवती तो झणकार उठतो. घोडीची पाठ कानशीनं घासून तो झणकार नेमका आणायचा, याला जवारी काढणं म्हणतात. कमी घासली तर तंबोरा मुका, जास्त घासली तर नुसता कलकलाट. तांबोळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम.

"यांच्या गिटारीत जवारी आहे," सलीमभाई म्हणाले. "कुठून आणली देव जाणे. गरीब पोरं, स्वस्तातल्या गिटारी, फुटका स्पीकर. पण मी हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा ऐकलं आणि उठून बसलो. म्हटलं, हे आमच्या दुकानातलं इकडं कसं आलं? स्वच्छ आवाज पाहुण्यासारखा असतो बघ, चहा पितो आणि जातो. खरखरणारा आवाज घरात राहतो."

"आणि आपण दिवसभर काय करतो? खरखर शोधून मारतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत ते हसले. पण हसू मध्येच राहिलं. "अब्बा हेच म्हणतात."

अब्बा म्हणजे त्यांचे वडील, मिरजेत अजून दुकानात बसणारे. तरुणपणी सलीमभाईंनी एका गवयाच्या तंबोऱ्याची घोडी घासता घासता बिघडवली होती. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी घोडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "हा हात या कामाचा नाही. तू शीक, इंजिनिअर हो." ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सलीमभाई म्हणायचे. आता दर रविवारी फोनवर अब्बा विचारायचे, "काय, मारली का या आठवड्यात एखादी जवारी? आम्ही जन्मभर काढायची आणि आमच्या पोरानं परदेशात जाऊन मारायची." चेष्टाच होती ती. पण फोन ठेवल्यावर सलीमभाई उगाच आपल्या गिटारीच्या तारा पुसत बसायचे, असं त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी, मला सांगितलं होतं.

"माझं फार मागणं नाही," ते त्या दिवशी कँटीनमध्ये म्हणाले. "अब्बांनी एकदा माझ्यासमोर बसून ए-तीन ऐकावं, आणि म्हणावं, हां, तुझा कान आपल्या घरचा आहे. एवढं ऐकलं की मी सुटलो."

त्या शरदात अब्बा खरंच आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, वर सलीमभाईंचं ढगळ जाकीट. माझ्यासमोर घरातली सगळी मराठीत बोलायची, आणि अब्बा तर गिऱ्हाइकांशी जन्मभर मराठीतच बोललेले. मी सांगलीची कळल्यावर म्हणाले, "असू दे, पोरी. कुणाचं काय, कुणाचं काय." खानदानच तसलं.

अब्बांना जर्मनीत सगळ्यात काय आवडलं असेल, तर भोपळे. आमच्याकडे त्या दिवसांत शेतकरी रस्त्याकडेला भोपळ्यांचा ढीग लावून ठेवतात. आपण घ्यायचा, डब्यात पैसे टाकायचे, बघायला कुणी नाही. सलीमभाईंनी गाडी थांबवली की अब्बा उतरून, तंबोऱ्यासाठी भोपळा निवडावा तसे, एकेकावर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरायचे. एकदा शेतकरीणबाई आल्या आणि हा म्हातारा काय करतोय ते कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. अब्बांनी त्यांना मराठीत समजावलं, "बाई, हे तुमचे खायचे. वाजायचे नाहीत." बाईंनी काय अर्थ लावला कुणास ठाऊक, त्यांनी एक भोपळा फुकट दिला.

पण ए-तीनचं काही जमेना. सलीमभाईंनी पहिल्याच रविवारी चांगले स्पीकर लावून, अब्बांना मधोमध बसवून ते गाणं लावलं. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकलं, म्हणजे सलीमभाईंनी बटण दाबलं त्या खट्‌कनपर्यंत, आणि म्हणाले, "गडबड फार आहे." सलीमभाईंनी मुकाट्यानं सीडी डबीत घातली. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भाभींना भांडी लावू लागले.

मग गिटारीचं प्रकरण झालं. युर्गन अब्बांना भेटायला सायकलवरून आला होता, पाठीला आपली जुनी लाकडी गिटार लावून. ए-तीनची सुरुवात तो तिच्यावर करायचा. जाताना पाऊस लागला म्हणून गिटार सलीमभाईंकडेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर. घरात अब्बा आणि गिटार. अब्बांनी ती छेडून बघितली. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी हाडाची होती, आणि हाड म्हटल्यावर अब्बांचे हात शिवशिवले. एवढं चांगलं वाद्य आणि जवारी पार बंद, बिचाऱ्या गोऱ्याला कुणी काढून दिली नसणार, असं त्यांना वाटलं. सामानात कानस होतीच. मिरजेचा कारागीर चार दिवस पाहुणा गेला तरी कानस बरोबर नेतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पट्टी घासून, तारा पुन्हा चढवून, गिटार पुसून कोपऱ्यात ठेवली.

युर्गन ती न्यायला आला तेव्हा मीही तिथं होते. त्यानं सवयीनं हात फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला. सगळ्या तारा एकदम करवादल्या. अब्बा समोर हात बांधून, शाबासकीची वाट बघत उभे.

"झालीम," सलीमचा नेहमी झालीम करणारा युर्गन हळूच जर्मनमध्ये म्हणाला, "ही आपल्या दारासारखी वाजतेय."

"काय म्हणतोय?" अब्बांनी विचारलं.

"खूष झालाय," सलीमभाई म्हणाले.

युर्गन दिलदार माणूस. ती पट्टी त्यानं स्वतः घडवून बसवलेली होती, गिटारीवर त्याचा जीव होता, आणि शनिवारी हेर्ब्स्टफेस्ट. तरी त्यानं अब्बांचा हात दोन्ही हातांत घेऊन डांके म्हणत आभार मानले. जिन्यात मात्र त्यानं सलीमभाईंकडे बघून नुसते खांदे उडवले. सलीमभाईंनी माफी मागितली, नवी पट्टी आणून देतो म्हणाले, आणि घासलेली पट्टी परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती पट्टी टेबलावर ठेवून ते बराच वेळ बघत बसले होते. मी आपली चेष्टेत म्हणाले, "काय, शेवटी जर्मनीत जवारी आलीच की."

"ही जवारी नाही, सांगली. ही फाटलीय." त्यांचा आवाज बदललेला होता. "अब्बांनी शुद्धीत असताना अशी घोडी हातावेगळी केली नसती. त्यांना वाटलं, जवारी अजून उघडली नाही, अजून उघडली नाही, म्हणून घासत गेले. वरचा झणकार त्यांना ऐकूच येत नाही."

मग एकेक आठवायला लागलं. ओव्हन टिंटिं करून दमायचा आणि अब्बा शेजारी शांत बसलेले असायचे. भाभींना वाटायचं, विचारात असतील. खालचं सगळं ऐकू यायचं, माणसांचं बोलणं, ट्रक, दार. वरचं तेवढं गेलं होतं, आणि जवारी सगळी वरच राहते.

"सांगावं लागेल," मी म्हटलं. "मिरजेत परत जाऊन त्यांनी कुणाचा तंबोरा असा दिला, तर नाव जाईल दुकानाचं."

"कळतंय. पण सांगणार कोण? मी? ज्याला त्यांनी दुकानातून उठवलं, त्यानं म्हणायचं, अब्बा, तुमचा कान गेला? त्यांना वाटेल, पोरानं इतक्या वर्षांचा हिशेब चुकता केला." ते पट्टी बोटांत फिरवत राहिले. "त्यांच्याकडून एक शब्द ऐकायचा होता मला. आता हे एवढं बोललो की तो कधी मिळायचा नाही."

त्या आठवड्यात सलीमभाईंनी एकाही गाडीत बूट काढले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं, पण मी काय करणार. मी त्यांना मिरजेवरून टोमणे मारून बघितले, ते आलेख चाळत राहिले.

शनिवारी हेर्ब्स्टफेस्ट झालं. अब्बांना पुढच्याच बाकावर बसवलं होतं, समोर लाकडी टेबल, टेबलावर सफरचंदाचा रस. युर्गनच्या गिटारीला नवी पांढरीशुभ्र पट्टी. ए-तीन सुरू झालं तेव्हा अब्बांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे टेबलावर पसरून ठेवले. गाणं खट्‌कन थांबलं, माणसं नेहमीप्रमाणं हात वर करून राहिली, आणि अब्बा तेवढे हसले. मी शेजारीच होते. काही विचारावंसं वाटलं, पण त्यांचे तळवे अजून टेबलावरच होते.

रविवारी दुपारी मी भाभींचे डबे परत द्यायला गेले. दिवाणखान्यात बापलेक समोरासमोर बसले होते, चहा निवत होता. भाभींनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बस गुपचूप.

"तुझ्या त्या पोरांचं मला काल कळलं," अब्बा म्हणत होते. "दोन गिटारी आहेत ना? त्या एका सुरात लावलेल्या नाहीत. एक जराशी हटवलीय. केसभर. आपण तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांना करतो तसं. टेबलात येत होतं ते, हाताला. मग दोन्ही एकमेकींना शोधत राहतात, सापडत नाहीत. असलं गाणं जुनं होत नाही, बेटा."

सलीमभाई आयुष्यभर जवारी जवारी करत होते आणि हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद इतका उघडा पडला होता, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"एक विचारू?" अब्बा म्हणाले. "त्या गोऱ्यानं पट्टी बदलली ना?"

सलीमभाई निवलेला चहा ढवळायला लागले.

"मला दिसलं काल. ऐकू नाही आलं, पण दिसलं. जास्त उघडली होती का मी?"

आता सलीमभाई खोटं बोलणार, असं मला वाटलं. युर्गनसमोर जे बोलले तेच पुन्हा बोलणार. सलीमभाईंनी घसा साफ केला.

"हो, अब्बा. जास्त झाली होती."

"किती?"

"बरीच."

अब्बांनी मान डोलावली. काही वेळ ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही वाटत होतं. दुकानात दोघांनी परत आणून दिले तंबोरे. मी म्हटलं, यांनाच कळत नाही." आणि ते जरासे हसले. "कुठंय ती पट्टी?"

सलीमभाईंनी ती खिशातून काढून दिली. अब्बांनी स्वतःच्या लेकाची गिटार मागून घेतली, तिची पट्टी काढून ही बसवली, तारा चढवल्या. जास्त उघडलेली जवारी आणखी घासूनच बंद करतात, पाठीला थोडी गोलाई देऊन. दर वेळी तार सैल करायची, घासायचं, ताणायची, वाजवायची. अब्बांनी कानस घेतली, आणि समोरची खुर्ची पायानं जवळ ओढली.

"बस इथं," ते म्हणाले. "कुठं थांबायचं ते तू सांग."

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून ड्युसेलडॉर्फला गेले. सलीमभाईंशी फोनवर भांडण चालू राहिलं, पण मी त्यांना मनात बघते ते त्या दुपारचे. भाभी आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अब्बा घासतायत, तार छेडतायत, लेकाच्या तोंडाकडे बघतायत. सलीमभाई डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसलेले. म्हणतायत, "अजून." मग, "अजून थोडं." पुन्हा कानस, पुन्हा तार. आता मलासुद्धा ऐकू येत होतं, खोलीत काहीतरी गोळा होत होतं.

"बास," सलीमभाई म्हणाले, आणि अब्बांचा हात जागच्या जागी थांबला.